चुंबक फिरवून घे आधी

भट्टीवाला आला होता मार्चमध्ये.
जळणाच्या भावानं बोलला.
त्याच्या लेखी माग नव्हताच तो, नुसतं वजन.
नान्ना काही म्हणाले नाहीत,
चहाची बशी तेवढी खाली ठेवली
आणि पुढचे दोन दिवस
रेडिओवरच्या कानडी बातम्या ऐकत बसले,
ज्या त्यांना निम्म्याच कळतात.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, कुंड्या करू.
लाकडाच्या, लांबट. गच्चीवर ठेवू.
"वांगी लाव," एवढंच म्हणाले.
म्हणजे हो.

खिळे काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या.
हा आजोबांचा, चौकोनी, लोहाराकडचा.
हा माझ्या जन्माच्या वर्षीचा,
घाईत ठोकलेला, मान वाकडी.
हा कुणाचा, कुणालाच आठवेना.
आईनं सगळे वनस्पतीच्या डब्यात भरले
भंगारवाला येईस्तोवर.
भंगारवाला आला, तेव्हा डबा उचलून आत नेला.

अक्कलकोट रोडच्या वखारीत मौलालीनं
खांबावर तळवा फिरवला.
"माल जुना आहे, चांगला आहे.
पण माझं पातं नवं आहे.
चुंबक फिरवून घे आधी."
फुटक्या स्पीकरचं गोल चुंबक, सुतळीला टांगलेलं.
मी ते खांबावरून हळूहळू नेत गेलो
आणि एका जागी, जिथं वरून काहीच दिसत नव्हतं,
ते कललं.
कुणी हाक मारल्यावर माणूस कलतो तसं.

नान्ना रिक्षातून उतरून आले, वाकून पाहिलं.
"इथं फणीची दोरी होती.
अठ्ठ्याहत्तर साली तुटली. मीच ठोकला.
वर लाख भरली."
मग थोडं थांबून, "विसरलोच की."

पटाशीनं तो खिळा काढला, मग करवत चालली.
वरून काळं लाकूड, तेल पिऊन पिऊन,
तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत,
आणि आत मधाच्या रंगाचं.
इतकी वर्षं आम्ही त्याच्या शेजारी जेवलो, झोपलो,
कुणी पाहिलं नव्हतं.
त्या आवाजात नान्ना तेलुगूत काहीतरी बोलले.
मी परत विचारलं नाही.

निचऱ्यासाठी भोकं पाडावी लागली नाहीत,
दोऱ्या ओवायची होतीच.
काही भोकांच्या कडांना अजून मोरपंखी रंग.
आतून पोतं, बाहेरून करडईचं तेल.
आई म्हणाली, लाकडाला नवं तेल आणा,
भाव ऐकला आणि म्हणाली, तळणातलं चालेल.
आठवडाभर गच्चीला भज्यांचा वास येत होता.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं.
जपून जपून दोन बादल्या वर नेल्या,
ओतल्या,
आणि पेटी चारी सांध्यांतून गळाली.
खाली वडलकोंडांचे बत्तीस टॉवेल वाळत होते,
पांढरे, उद्या पाठवायचे.
त्यांच्यावर काळ्या मातीचे ओघळ.
राजमणी वहिनी जे बोलल्या
ते तेलुगू होतं, पण सगळ्या गल्लीला कळलं.

मी हातोडी घेऊन वर निघालो.
"राहू दे," नान्ना म्हणाले, "कोरडं पडलंय. फुगेल."
पुढच्या पाण्याला थोडं गळालं.
त्याच्या पुढच्या पाण्याला मी खाली जाऊन उभा राहिलो,
वर बघत, वहिनींच्या शेजारी, तोंड न उघडता.
काही पडलं नाही.

आता संध्याकाळी ऊन उतरलं की
नान्ना उपड्या बादलीवर बसतात, पेटीला गुडघे लावून.
पानं उलटून अळ्या शोधतात.
हात पानांत असतात, पण खाली पाय
डावा, मग उजवा,
मग डावा.
मी जिन्यातूनच परत फिरतो.

पहिली चार वांगी ऑगस्टात निघाली.
काटेरी, जांभळी, देठाशी हिरवी.
आई चुलीवर भाजणार होती.
नान्नांनी ती पेपरात गुंडाळली
आणि खाली देऊन आले.
टॉवेलांचं म्हणून.